खंड ९४, पान ३५९

आमच्या ग्रंथालयाच्या मागच्या दालनात बाइंड केलेली जुनी जर्नल्स असायची. तिथे 'ब्रेन'चा एक खंड होता. तो टेबलावर ठेवून हात काढला की पानं दोन्हीकडे पडायची आणि दर वेळी तोच लेख समोर यायचा. खंड ९४, वर्ष १९७१, पान ३५९. गडद निळं बाइंडिंग, पाठीवर सोनेरी अक्षरं, आणि पाठ नेमकी त्या जागी मोडलेली. जाड खंड झेरॉक्सच्या काचेवर पालथा घालून वरून तळहाताने दाबावा लागतो, नाहीतर शिवणीकडच्या ओळी काळ्या येतात. एकदा-दोनदा दाबल्याने काही होत नाही. पण वर्षानुवर्षं, दर नव्या बॅचची रेसिडेंट मुलं तेच पान दाबत राहिली की शिवण सैल पडते. त्या लेखाच्या पानांची खालची कड बोटं लागून लागून करडी झाली होती. आधीचा लेख त्या मानाने कोरा होता.

मी १९८६ साली मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथालय सहायक म्हणून लागले आणि २०१९ साली ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. शेवटच्या दहा-बारा वर्षांत माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त काम आलं ते डॉक्टरांच्या प्रकाशनांच्या याद्या करण्याचं. कुणी किती पेपर लिहिले, कुठे छापले, लेखकांत कितवं नाव, किती जणांनी संदर्भ दिला. न्यूरॉलॉजी विभागातल्या एकीची यादी मनासारखी झाली, तिने दुसऱ्याला सांगितलं, आणि हळूहळू त्या विभागाच्या सगळ्याच याद्या माझ्याकडे आल्या. या कामाबद्दल लिहायला बसले की मला तो मोडलेला खंडच आधी आठवतो. त्याची मोडलेली पाठ कुठल्याही मोजणीत आली नाही.

पान ३५९ वर सुरू होतो तो डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. आर. के. स्वामी यांचा लेख. वाडिया लंडनचा अनुभव घेऊन १९५७ साली मुंबईत परतले आणि जे. जे. रुग्णालयात त्यांनी न्यूरॉलॉजी उभी केली. लेख नऊ कुटुंबांचा आहे. त्या घरांतली काही माणसं पिढ्यानपिढ्या चालताना झोकांड्या खायला लागत, जीभ जड होई. छोट्या मेंदूचे असे आनुवंशिक आजार तेव्हाही ठाऊक होते, त्यांना नावंही पुष्कळ होती आणि नावांचा गोंधळही तेवढाच होता. या दोघांनी बघितले ते रुग्णांचे डोळे. आपण वाचतो तेव्हा नजर ओळीवरून घसरत जात नाही, शब्दांवरून टुणटुण उड्या मारत जाते. खिडकीकडून दाराकडे बघतानाही तशीच एक उडी असते. डॉक्टर तिला सॅकेड म्हणतात. या आजारी माणसांच्या डोळ्यांतली ती उडी हरवली होती. नजर इकडून तिकडे सावकाश सरकत जाई. ही खूण पाहायला आजही यंत्र लागत नाही. डॉक्टरांची दोन बोटं लागतात आणि समोरच्या माणसाकडे नीट बघायची सवय लागते. या खुणेच्या आधारावर वाडिया आणि स्वामींनी हा आजार वेगळा काढून दाखवला.

मी डॉक्टर नाही. हे मला रेसिडेंट मुलांनीच समजावलं, झेरॉक्सच्या रांगेत उभं राहून, एकमेकांच्या नाकासमोर बोटं नाचवत. पुढचा भाग मात्र मी स्वतः काउंटरवरून पाहिला. १९९३ साली क्युबातल्या ओल्गीन प्रांतातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून अशाच आजाराचं मूळ बाराव्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं. १९९६ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी तो जनुक सापडल्याचं जाहीर केलं. आजाराचं नाव एससीए-२ झालं. आणि १९९८ साली वाडिया पुन्हा 'ब्रेन'मध्ये आले, सहा भारतीय कुटुंबांची जनुकीय तपासणी घेऊन. मंदावलेल्या सॅकेडचं निदानातलं महत्त्व त्या लेखाच्या शीर्षकातच सांगितलं होतं. सत्तावीस वर्षांनी तोच माणूस, तेच जर्नल, तीच खूण. तो अंक आला तेव्हा मी दोन्ही लेख शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसले होते. माझ्या नोकरीतल्या आनंदाच्या क्षणांत तो क्षण फार वरचा आहे.

मी लागले तेव्हा संदर्भ शोधणं हे अंगमेहनतीचं काम होतं. इंडेक्स मेडिकसचे मासिक अंक, मग वर्षाचे एकत्र केलेले भलेमोठे खंड. कुणाला दहा वर्षांचा आढावा हवा असेल तर दहा वर्षांचे खंड खाली उतरवायचे, विषयाचा मथळा शोधायचा, बारीक टायपाखाली पट्टी धरून ओळ ओळ उतरत जायचं आणि हवी ती नोंद कार्डावर लिहून घ्यायची. जर्नल आमच्याकडे नसलं तर दिल्लीच्या नॅशनल मेडिकल लायब्ररीला पत्र. झेरॉक्स यायला कधी कधी महिना लागे, आणि ती आली की डॉक्टर स्वतः जिना चढून न्यायला येत.

त्या काळी आपला पेपर कुणी वाचतंय हे लेखकाला पोस्टकार्डावरून कळे. परदेशातल्या डॉक्टरांची छापील कार्डं येत, आपल्या अमुक लेखाची प्रत पाठवावी अशी विनंती करणारी, रिकाम्या जागी हाताने लेखाचं नाव भरलेली. न्यूरॉलॉजी विभागाच्या एका सरांनी निवृत्त होताना बुटाचा एक खोका माझ्या टेबलावर आणून ठेवला. आत अशी कार्डं होती. प्राग, वॉर्सा, ब्युनोस आयर्स, दोन-तीन आफ्रिकेतली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात प्रत पाठवल्याची तारीख सरांच्या बारीक अक्षरात. ज्या देशांत जर्नल घ्यायला पैसे नव्हते तिथूनच जास्त कार्डं आली होती, हे मला ती लावता लावता कळलं. त्यांतल्या किती जणांनी पुढे स्वतः काही छापलं असेल आणि सरांचा संदर्भ दिला असेल? फारच थोड्यांनी. पण त्यांनी तो लेख वाचला होता, आणि त्यांच्या दवाखान्यात जे रुग्ण येत होते त्यांच्यासाठीच मागवला होता.

मग मोजणी आली. खरं तर संदर्भ मोजायची कल्पना आमच्याच व्यवसायातली. फिलाडेल्फियाचे यूजीन गारफील्ड ग्रंथालयशास्त्र शिकलेले. त्यांनी १९६४ साली सायन्स सायटेशन इंडेक्स काढला. एक जुना लेख हाताशी असेल तर त्याचा आधार पुढे कुणी कुणी घेतला हे त्यातून सापडावं, म्हणजे आजीचं नाव माहीत असलं की नातवंडांपर्यंत पोचता यावं. शोधाचं किती सुंदर साधन! जर्नल निवडायला इम्पॅक्ट फॅक्टर निघाला, तोही असाच कामाचा. जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढंच तो सांगतो. मर्यादित पैशांत कुठली जर्नल्स घ्यावीत हे ठरवताना मी स्वतः तो वापरला आहे. तोच आकडा पुढे माणसांच्या अर्जांवर चढला, याचं मला फार वाईट वाटतं. जर्नलच्या सरासरीवरून त्यातल्या एका लेखाबद्दलसुद्धा काही कळत नाही, मग लेखकाबद्दल काय कळणार? आणि दोन वर्षं! पान ३५९ चा खरा अर्थ जनुकाच्या भाषेत लागायला पंचवीस वर्षं गेली.

२००५ साली होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स सुचवला. तो पेन्सिलीने काढता येतो आणि मी पुष्कळदा तसाच काढून दाखवला आहे. एका माणसाचे सगळे पेपर घ्यायचे, सर्वात जास्त संदर्भ असलेला वर, मग उतरत्या क्रमाने. आता वरून खाली मोजत यायचं. सातव्या पेपरला सात किंवा जास्त संदर्भ आहेत, आठव्याला सहाच, तर एच-इंडेक्स सात. हिशेब स्वच्छ आहे. पण या हिशेबात पहिल्या क्रमांकावरच्या लेखाला दहा संदर्भ असोत की हजार, उत्तर सातच राहतं. एकच मोठी गोष्ट शोधणारा आणि सात बेताच्या गोष्टी लिहिणारा इथे एका रांगेत बसतात.

आणखी एक गोष्ट मोजणारे विसरतात. जे काम पुरतं मुरतं त्याचा उल्लेख थांबतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं: कल्पना सर्वांची झाली की तिच्या मूळ मालकाचं नाव पुसलं जातं. दुधात साखर विरघळावी तसं. वाडिया-स्वामी सिंड्रोम हे नाव आता जनुकीय आजारांच्या याद्यांत पर्यायी नाव म्हणून उरलं आहे. खूण मात्र प्रत्येक वॉर्डात शिकवतात.

याद्यांचं काम मी तक्रार करत केलं, असं कुणी समजू नये. यादी करणं मला मनापासून आवडायचं. यादी म्हणजे माणसाच्या आयुष्याचा हिशेब, तो बिनचूक असला पाहिजे, एक ओळ सुटता कामा नये. आपल्याकडे तर ते आणखीच अवघड. पाटील, जोशी, देसाई या आडनावांपुढे एक आद्याक्षर, एवढ्यावर माणूस ओळखायचा कसा? पबमेड ही वैद्यकीय लेखांची संगणकावरची सूची १९९७ पासून सगळ्यांना मोफत खुली झाली, शोध सोपा झाला, पण एका नावाखाली चार माणसं निघायची. एक पुण्याचा अस्थिरोगतज्ज्ञ, एक नागपूरची बालरोगतज्ज्ञ, एक अमेरिकेत, आणि आमचे सर. मी एकेक पेपर उघडून पत्ता तपासायची. कुणी वडिलांचं नाव मध्ये घातलेलं, कुणी नाही. एका पेपरात आडनाव आधी, दुसऱ्यात शेवटी. २०१२ पासून संशोधकाची ओळख पक्की करणारा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक मिळायला लागला तेव्हा मी विभागात दारोदार फिरून तो काढून घ्यायला लावला.

न्यूरॉलॉजीतल्या एक मॅडम आल्या २०१६ च्या पावसाळ्यात. फाइल छातीशी धरलेली, छत्रीचं पाणी फरशीवर ठिबकतंय. असोसिएट प्रोफेसरच्या जागेसाठी अर्ज करायचा होता आणि हातात होते तीन दिवस. स्कोपस या संदर्भसूचीत त्यांचं नाव टाकलं तर जेमतेम अर्धे पेपर दिसले. उरलेले वेगळ्याच आडनावाखाली, वेगळीच व्यक्ती असल्यासारखे. माहेरचं नाव. एम.डी. आणि डी.एम.च्या काळातलं सगळं काम त्या नावाने छापलेलं. लग्नानंतर पासपोर्टपासून बँकेपर्यंत सगळीकडे नाव बदललं आणि आधीची आठ वर्षं यंत्राच्या लेखी दुसऱ्याच बाईची झाली. अशा बायका मी अनेक पाहिल्या. पुरुषांच्या बाबतीत हा घोळ मला एकदाही निस्तरावा लागला नाही.

दोन्ही नोंदी एकत्र करायला अर्ज पाठवला. उत्तर यायला वेळ लागणार म्हणून आम्ही दोघी संध्याकाळी बसून हाताने यादी केली. त्या एकेक पेपर वाचून दाखवत होत्या आणि मी रकाने भरत होते. २०१५ साली मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचं परिपत्रक आलेलं होतं. बढतीसाठी मूळ संशोधनाचेच पेपर धरायचे, जर्नल इंडेक्स झालेलं हवं, लेखकांत नाव पहिलं किंवा दुसरं हवं, नुसती इंटरनेटवर निघणारी जर्नल्स चालणार नाहीत. मान्य इंडेक्सच्या यादीत इंडेक्स मेडिकसचं नाव होतं, आणि ते छापणं तर २००४ च्या अखेरीस बंद झालेलं. मॅडमचा सर्वात मोठा अभ्यास अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला होता. त्यात त्यांचं नाव पाचवं. म्हणजे मोजणीत शून्य. पुढे हा नियम सैल झाला, पहिली तीन नावं किंवा करस्पाँडिंग ऑथर चालायला लागला, पण त्या संध्याकाळी तो तसा नव्हता. न्यूरॉलॉजीतलं कितीतरी काम एकट्यादुकट्याने होतच नाही. मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन सुमारे १४ हजार माणसांची पाहणी झाली, तिच्यातून पार्किन्सन्सच्या प्रमाणाचा लेख १९८८ साली 'आर्काइव्ह्ज ऑफ न्यूरॉलॉजी'त आला. तसलं काम करायला किती जण जिने चढले असतील? त्यांतल्या पहिल्या दोघांनीच काम केलं असं कसं म्हणणार?

शेवटी उरला त्यांचा सगळ्यात पहिला पेपर. एका घरातल्या दोन भावंडांचा केस रिपोर्ट, भारतीय जर्नलमधला, माहेरच्या नावाने. केस रिपोर्ट मोजत नाहीत. संदर्भ एकही नाही. मी म्हटलं, "मॅडम, हा काढू का? जागा अडते, कमिटी बघणारही नाही."

त्या फाइलमधली ती पानं चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या मुलाला चालता येत नव्हतं, बहिणीने त्याला पाठीवर घेऊन आणलं होतं. तीन महिन्यांनी तिलाही सुरू झालं. राहू द्या यादीत."

मी रकान्यात 'गणनेत नाही' असं लिहिलं आणि ओळ ठेवली.

त्यांच्या त्या बोलण्याने मला वाडियांचाच दुसरा लेख आठवला होता. १९७१ साली मुंबईत डोळे येण्याची प्रचंड साथ आली. बांगलादेशचं युद्ध चालू होतं आणि बंगालमध्ये लोक या साथीला 'जय बांगला' म्हणत. डोळे लाल होत, आठवड्यात बरे होत, कुणी फार मनावर घेत नव्हतं. पण डोळे बरे झाल्यावर काही जणांचे पाय लुळे पडायला लागले, पोलिओसारखे, आणि तेही मोठ्या माणसांचे. आलेला लकवा आणि महिन्यापूर्वी आलेले डोळे यांचा संबंध कोण जोडणार? वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडला आणि १९७२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो कळवला. साथीमागचा विषाणू पुढे एन्टरोव्हायरस ७० म्हणून ओळखला गेला. सुरुवात कशाने झाली? खाटेवरच्या मोजक्या माणसांनी आणि त्यांना एक जास्तीचा प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरने. २०१५ च्या त्या नियमांत 'मोजक्या माणसांची नोंद' हलकी धरत. तरुण डॉक्टर मला विचारायचे, "मॅडम, हा रुग्ण लिहिण्यात अर्थ आहे का, पॉइंट मिळेल का?" मी त्यांना दर वेळी लिहा म्हणूनच सांगितलं. काहींनी ऐकलं. काहींना वेळ नव्हता आणि त्यांचा दोष नव्हता. आठवड्याला तीन ओपीडी, रात्रीच्या ड्यूट्या, त्यात पेपरांची संख्या गाठायची.

मॅडमना जागा मिळाली. दोन आडनावांची नोंद एकत्र व्हायला पुढे दोन महिने लागले.

माझ्या निवृत्तीच्या आधी एक वर्ष मागचं दालन रिकामं करायचं ठरलं. जर्नल्स आता संगणकावर होती आणि विद्यार्थ्यांना बसायला जागा हवी होती, त्यामुळे निर्णय चुकीचा नव्हता. प्रत्येक खंडावर 'रद्द' असा शिक्का मारून गठ्ठे बांधले. खंड ९४ मी लेखी परवानगी घेऊन न्यूरॉलॉजीच्या सेमिनार रूममध्ये पोचवला. तिथे तो आहे की नाही हे मी नंतर जाऊन पाहिलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या शेजारीणबाईंचा भाऊ साताऱ्याहून आला. वय चाळिशीच्या आत-बाहेर, शेती करणारा, अंगाने काटक. चालताना तोल जातो म्हणून गावात लोक दारू पितो म्हणायला लागले होते आणि त्याने आयुष्यात थेंब घेतला नव्हता. मला इस्पितळातले जिने-बोळ ठाऊक, म्हणून मी सोबत गेले. ओपीडीत एक पोरसवदा रेसिडेंट होता. गर्दी दाराबाहेरपर्यंत. त्याने चालायला लावलं, बोलायला लावलं, मग स्टूल जवळ ओढून समोर बसला.

"दादा, मान अजिबात हलवायची नाही. फक्त डोळे. या बोटाकडे बघा. आता याच्याकडे. पुन्हा इकडे."

भावाची नजर निघाली. मी बाजूला उभी होते, मला ती दिसली. ती उडी मारून गेली नाही, चालत गेली. मध्ये त्याची मान वळायला लागली तशी रेसिडेंटने हलकेच हनुवटी धरली आणि पुन्हा बोट दाखवलं. पुन्हा तसंच. त्याने केसपेपरवर काहीतरी लिहिलं. काउंटरवर इतकी वर्षं काढल्याने मला अक्षरं उलटी वाचता येतात. 'सॅकेड्स स्लो', आणि खाली दोन रेघा.

"डॉक्टर," मी न राहवून विचारलं, "ही तपासणी कुठे वाचलीत तुम्ही?"

"वाचली नाही काकू, वॉर्डात मॅडमनी शिकवली," तो म्हणाला. त्याने मान वर केली नव्हती, कोऱ्या कागदावर चौकोन आणि गोल काढायला सुरुवात केली होती, वंशावळीसाठी काढतात तसे. मग भावाकडे बघून विचारलं, "दादा, घरात आणखी कुणाचा असा तोल जायचा?"

भाऊ जरा थांबला. मग त्याने अंगठा पहिल्या बोटावर टेकवला.

"वडील," तो म्हणाला. "थोरले चुलते. आत्या..."